विश्लेषण : वाड्यात सापडलेली ‘थ्री नॉट थ्री’ खरी की नक्कल? तिची किंमत कशी ठरते?

जुना वाडा पाडताना, भावाभावांत वाटणी होऊन माळा रिकामा करताना किंवा धानाची कोठी उपसताना कापडात गुंडाळलेली लांबलचक वस्तू हाती लागते. कापड सोडले की आत आजोबांची, कधी पणजोबांची बंदूक. मग घरात दोन तट पडतात. एकाच्या मते ती पहिल्या महायुद्धातली, म्हणजे लाखोंची. दुसऱ्याचे म्हणणे, पोलिसांना कळायच्या आत रात्रीतून बाघ नदीत नेऊन टाका. पहिला सल्ला बहुतेक वेळा खोटा ठरतो आणि दुसरा अडचणीत आणतो. गोंदियासारख्या जिल्ह्यात तर दुप्पट अडचणीत, कारण येथे जुन्या लष्करी रायफलीला वारशाबरोबरच नक्षल चळवळीचाही संदर्भ असतो. अशी रायफल ओळखायची कशी, तिचे मोल कशावर ठरते आणि ती घरात ठेवता येते का, याचा हा आढावा.

गोंदियात जुन्या बंदुका आल्या कुठून?

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे, १८५३ नंतर इंग्रजांकडे आणि पुढे मध्य प्रांतात होता. कामठा, आमगाव, चिचगड अशा जमीनदाऱ्या आणि गावोगावचे मालगुजार ही इथली जुनी सत्ता. जंगल लागून, वाघ-बिबट्याचा वावर रोजचा आणि धानाला रानडुकराचा उपद्रव, त्यामुळे घरात बंदूक असणे ही मालगुजाराच्या प्रतिष्ठेची तशी गरजेचीही बाब होती. १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्याने सर्वसामान्यांना परवान्याची सक्ती केली, पण काही मानकऱ्यांना सूट मिळत असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. जमिनी कुळांकडे गेल्या, बंदुका मात्र वाड्यातच राहिल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि त्या माळ्यावर चढल्या.

यातल्या बऱ्याच बंदुका लष्करी नसतात. ठासणीच्या बंदुका, ज्यांना या भागात ‘भरमार’ म्हणतात, एकनळी-दुनळी छर्ऱ्याच्या बंदुका आणि शिकारी रायफली हाच मोठा वाटा. पण बोल्ट असलेली, लाकडाने नळीच्या टोकापर्यंत मढवलेली रायफल दिसली की तिला सरसकट ‘थ्री नॉट थ्री’ म्हटले जाते. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे नेमके काय?

नळीच्या आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. रायफलीचे खरे नाव ली-एनफिल्ड. ली हे बोल्टची रचना करणाऱ्या जेम्स पॅरिस ली यांचे नाव आणि एनफिल्ड हे लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचे गाव. भारतात सर्वाधिक दिसते ती १९०७ ची ‘मार्क ३’ आणि १९१६ पासूनची ‘मार्क ३ स्टार’. लांबी ११३ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याने ती लाखोंच्या संख्येने बनवली आणि स्वातंत्र्यानंतरही बनवत राहिला. दोन महायुद्धे, १९४७-४८ चे काश्मीर, १९६२ चे चीन युद्ध यांत जवानांच्या खांद्यावर हीच होती. लष्करातून निघाली ती पोलिसांत, होमगार्डमध्ये, एनसीसीच्या कवायतीत आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके-४७ घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २६ जानेवारी २०२० च्या संचलनात.

तिच्यासारख्याच दिसणाऱ्या तीन रायफली भारतात सर्रास आढळतात. त्यांतला फरक कळला नाही तर किंमतही चुकते आणि कायद्याचे गणितही.

पहिली ‘थ्री फिफ्टीन’. लष्कराचे काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये, ही इंग्रजांची कायमची धास्ती. १९०७ च्या सुमारास त्यांनी .४५० व्यासाच्या रायफलींवर भारतात बंदी घातली, कारण बंडखोरांकडच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या गोळ्या चालतील अशी भीती. याच विचाराने .३०३ ही नागरिकांना बंद. मग बीएसए कंपनीने ली-एनफिल्डचीच यंत्रणा घेऊन .३१५ इंचाची शिकारी रायफल भारतीय गिऱ्हाइकांसाठी काढली. स्वातंत्र्यानंतर आपल्या आयुध निर्माणींनी तोच नमुना पुढे चालवला. लांबून पाहिले तर बोल्ट तोच, मॅगझिन तेच. लाकूड मात्र अर्ध्या नळीपर्यंतच असते आणि नळीवर .३१५ कोरलेले असते. विदर्भातल्या ज्या घरांत ‘आमच्याकडे थ्री नॉट थ्री आहे’ असे सांगितले जाते, तिथे परवाना उघडून पाहिला तर .३१५ ची नोंद सापडण्याची शक्यता चांगलीच असते.

दुसरी .४१० मस्केट. इंग्रजांनी पोलीस आणि तुरुंग पहारेकऱ्यांसाठी जुन्या .३०३ रायफलींच्या नळ्या बदलून, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवून त्यांना एका वेळी एकच काडतूस घेणारी बंदूक करून टाकले. पहारेकऱ्याच्या हातून शस्त्र हिसकावले गेले तरी नुकसान कमी व्हावे हा हेतू. बाहेरून ती अस्सल लष्करी रायफल दिसते. आत नळीला पीळ नसतो, ती गुळगुळीत असते.

तिसरी ‘टू-ए’ आणि ‘टू-ए-वन’. चीन युद्धानंतर इशापूरने ली-एनफिल्डचा सांगाडा ठेवून ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी ही रायफल बनवली. मॅगझिन चौकोनी, धारदार कडांचे. ‘टू-ए’च्या मागच्या पाहणीवर अंतराचे आकडे दोन हजारांपर्यंत, ‘टू-ए-वन’च्या आठशेपर्यंत. ही पहिल्या महायुद्धातली असूच शकत नाही. तरीही तशी म्हणून दाखवली जाते.

खरेपणा तपासतात कसा?

जाणकार आधी हात लावतात तो बोल्टच्या मुठीमागे, जिथे दस्ता लोखंडी भागाला येऊन मिळतो त्या जागी. तिथे उजव्या बाजूला रायफलीची जन्मपत्रिका कोरलेली असते. वर मुकुट, खाली राजाची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना. ही ओळ वाचता आली की निम्मे काम झाले.

मुकुटाखालची अक्षरे म्हणजे व्हिक्टोरियासाठी ‘व्हीआर’, सातव्या एडवर्डसाठी ‘ईआर’, पाचव्या आणि सहाव्या जॉर्जसाठी ‘जीआर’. इशापूरच्या रायफलींवर ‘जीआरआय’ दिसते. त्यातला शेवटचा ‘आय’ सम्राटपदाचा. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुट जातो आणि अशोकस्तंभाचे सिंह येतात. म्हणजे १९५५ साल आणि इंग्रजी मुकुट एकत्र दिसले तर शंका घ्यायलाच हवी. तसेच सिंहमुद्रेची रायफल कोणी ‘पणजोबांनी मेसोपोटेमियातून आणली’ म्हणून सांगत असेल, तर पणजोबांबद्दल आदर बाळगून ती गोष्ट बाजूला ठेवावी.

नकलांचे मोठे आगर खैबर खिंडीचा परिसर. पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदमखेल नावाचे गाव आहे. तिथले कारागीर शंभराहून अधिक वर्षे हाताने बंदुका घडवत आले आहेत. समोर अस्सल ठेवून ते तिची हुबेहूब प्रत काढत, शिक्क्यांसकट. पण कारागिराला इंग्रजी वाचता येत नसेल तर शिक्का हा त्याच्या लेखी नक्षीच. त्यामुळे ‘एनफिल्ड’मधला इंग्रजी ‘एन’ उलटा उमटतो, मुकुट शेंदराच्या टिळ्यासारखा पसरतो, आकडे एका रेषेत बसत नाहीत. सर्वांत गमतीची चूक इतिहासाची. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली आणि आखूड ली-एनफिल्ड त्यानंतर, १९०३-०४ मध्ये आली. आखूड नमुन्यावर ‘व्हीआर’ आणि १९१५ साल असे एकत्र दिसले तर ती खैबरची. अशा रायफलीचे पोलाद नरम असते, नळीतला पीळ उथळ असतो. खऱ्या काडतुसाचा दाब ती झेलेल याचा भरवसा नाही. नक्कल म्हणूनही तिला संग्राहकांत थोडी मागणी असते, पण किमतीत अस्सल रायफलीशी तिची तुलनाच नाही.

दुसरी पायरी नंबरांची. कारखान्यातून निघताना एकच क्रमांक रायफलीच्या अनेक भागांवर मारला जाई. मुख्य सांगाडा, नळीचे मूळ, बोल्टच्या मुठीचा मागचा भाग, मागच्या पाहणीच्या पट्टीची खालची बाजू, नळीच्या टोकाची लोखंडी टोपी आणि लाकडाच्या टोकाखाली. सगळीकडे तोच क्रमांक असेल तर रायफल एकसंध. बोल्टचा क्रमांक वेगळा असेल तर तो दुसऱ्या रायफलीतून आणून बसवला आहे. शस्त्रागारात एकाच वेळी पन्नास बोल्ट काढून साफ करताना अदलाबदल होणे ही नेहमीची गोष्ट होती. पण त्याने किंमत घटते आणि धोका वाढतो, कारण बोल्ट आणि नळी यांच्यातले काडतुसाच्या बुडामागचे अंतर हजारांश इंचात जुळवलेले असते.

मग दुरुस्तीच्या खुणा. भारतीय रायफली वापरून वापरून, दुरुस्त करकरून चालवल्या गेल्या, आणि त्यांच्या अंगावर तो सगळा हिशेब असतो. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रू हे इशापूरच्या बळकटीचे काम. पुढच्या लाकडाभोवती तार गुंडाळलेली असेल तर ती रायफल हातबॉम्ब फेकण्यासाठी वापरली गेली. धक्क्याने लाकूड फुटू नये म्हणून ती तार. ‘डीपी’ अशी अक्षरे म्हणजे फक्त कवायतीसाठी, गोळी झाडायला नाही. ‘एफटीआर’ म्हणजे कारखान्यात पूर्ण उघडून नव्याने बांधलेली, त्यापुढे वर्ष असते. बाणाच्या खुणेखाली ‘आय’ असेल तर ती भारत सरकारच्या मालकीची म्हणून स्वीकारलेली, आणि दोन बाण टोकाला टोक लावून कोरलेले असतील तर सरकारी सेवेतून अधिकृतपणे विकून टाकलेली. ही शेवटची खूण छोटी असली तरी मालकी हक्काच्या वादात तिचे वजन मोठे.

घरच्यांकडून होणारी एक चूक इथेच सांगायला हवी. अनेक भारतीय रायफलींवर जाड काळा रंग असतो. तो गावच्या रंगाऱ्याने दिला असावा असे वाटून लोक सँडपेपर घेऊन बसतात, नाहीतर पॉलिशवाल्याकडे नेऊन ‘नव्यासारखी’ करून आणतात. तो रंग सरकारी कारखान्याचाच असतो. तो निघाला की खालचे शिक्केही झिजतात आणि रायफलीची ओळख पुसली जाते. किंमत तर जातेच, शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार बंदुकीवरची ओळखचिन्हे खोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

‘आजोबांनी युद्धातून आणली’ याला पुरावा मानता येईल का?

बहुतेक वेळा नाही. सैनिकाची रायफल त्याच्या मालकीची नसते. ती पलटणीच्या कोतातून क्रमांकावर सही करून मिळे आणि तिथेच परत जमा होई. हरवली तर लष्करी न्यायालय. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. घरी परतताना जवानांनी पदके आणली, पेन्शनचे कागद आणले. सरकारी रायफल आणणे शक्य नव्हते. त्यामुळे अशी गोष्ट ऐकली की जाणकार आधी विचारतात, कागद काय आहे? परवाना, खरेदीची पावती, जुन्या बंदूक विक्रेत्याचे बिल, रायफलीसह काढलेला जुना फोटो, ज्यात तिचे काही वेगळेपण दिसते, असे काही.

कागद आणि कथा यांतले अंतर महाराष्ट्राने अलीकडेच दोनदा पाहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यात आली तेव्हा ती शिवाजी महाराजांचीच का, यावर वाद झाला. ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून आलेली, पेटीवर तसा मजकूर असलेली, तरीही ती तीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे खुद्द संग्रहालयाचे म्हणणे होते. उलट २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात आलेली रघुजी भोसले यांची तलवार. तिच्या पात्यावरच देवनागरीत त्यांचे नाव आहे. राज्य सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. ज्या भोसल्यांच्या राज्यात आजचा गोंदिया होता, त्यांचेच हे शस्त्र. युरोपीय पाते असलेल्या त्या काळच्या तलवारी बाजारात इतरही आहेत. ही वेगळी ठरली ती कोरलेल्या नावाने.

रायफलींतले असेच उदाहरण जिम कॉर्बेट यांच्या रिग्बी .२७५ चे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी ती त्यांना भेट दिली. दस्त्यावर बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर तसे स्पष्ट लिहिले आहे. ती पट्टी नसती तर ती त्या काळातली एक चांगली शिकारी रायफल, एवढेच तिचे वर्णन झाले असते.

मग किंमत ठरते कशी?

ली-एनफिल्ड दुर्मीळ नाही, हे पहिले कटू सत्य. जगभरात ती लाखोंनी बनली आणि आजही लाखोंनी शिल्लक आहे. अमेरिकेत, जिथे या रायफलींचा खुला बाजार आहे, सामान्य अवस्थेतली इशापूरची रायफल काही शे डॉलरची वस्तू आहे. २००३ मध्ये नेपाळच्या जुन्या राजवाड्यातील शस्त्रसाठा दोन अमेरिकी कंपन्यांनी विकत घेतला. त्यात मार्टिनी-हेन्रीपासून एकोणिसाव्या शतकातल्या हजारो बंदुका होत्या. एवढा साठा बाजारात आला की ‘दीडशे वर्षांपूर्वीची’ या शब्दालाही फारसा भाव उरत नाही.

किंमत चढते ती चार-पाच गोष्टी एकत्र आल्या की. सगळे क्रमांक जुळणे, मूळ लाकूड आणि मूळ रंग शाबूत असणे, नळी आतून स्वच्छ असणे आणि नमुना कमी संख्येने बनलेला असणे. १९१४ पूर्वीच्या मार्क ३ वर दूरच्या माऱ्यासाठी बाजूला बसवलेली जादा पाहणी, मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी आणि दस्त्यात पितळी चकती असते. युद्धाच्या घाईत १९१६ ला या तिन्ही गोष्टी काढून टाकल्या. त्या मूळ जागी असलेली रायफल संग्राहकाला हवी असते. चकतीवर पलटणीचे नाव आणि रायफलीचा क्रमांक कोरलेला असेल तर आणखी उत्तम, कारण मग तिचा इतिहास शोधता येतो.

किंमत सर्वाधिक घसरते ती शिकारीच्या हौसेने. जंगलात न्यायला हलकी व्हावी म्हणून पुढचे लाकूड कापायचे, नळी आखूड करायची, दुर्बीण बसवायला भोके पाडायची, हे प्रकार मालगुजारी काळात भरपूर झाले. कापलेले लाकूड परत येत नाही. नळीचेही तेच. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीत क्षार असत. गोळी झाडल्यावर नळी उकळत्या पाण्याने धुतली नाही की आतून गंज चढे. धानाच्या कोठीत चार पावसाळे काढलेल्या रायफलीची नळी बहुधा याच अवस्थेत सापडते.

पण गोंदियातल्या वारसाने हे आकडे भारतीय रुपयांत बदलून स्वप्न पाहण्यात अर्थ नाही. बाजार परवान्यामागे चालतो. .३०३ ठेवायला जवळजवळ कुणालाच परवानगी नसेल तर ती विकत घेणार कोण? इथे .३०३ पेक्षा धडधाकट .३१५ ला जास्त भाव येतो, आणि तोही रायफलीच्या इतिहासाला नसून ती परवान्यावर चढवता येते या सोयीला असतो. परदेशी लिलावात पाठवण्याचा मार्गही बंद. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि त्याहून नव्या बंदुकीला शस्त्र निर्यातीचा परवाना लागतो.

‘जुनी आहे, मग परवाना कशाला?’

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक कायद्याने ‘अँटिक’ ठरते. आपल्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये अशी वर्षाची रेषा नाही. कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला तिथे सूट आहे, पण अट अशी की दुरुस्ती करून किंवा न करता ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. ‘दुरुस्ती करून’ हे शब्द महत्त्वाचे. गंजलेली ली-एनफिल्ड नवा बोल्ट आणि चार स्प्रिंग घालून पुन्हा चालते. ती या सवलतीत बसवणे कठीण. केंद्राने २०२० मध्ये नियमांत बदल करून ‘क्युरिओ’ प्रकारच्या लहान शस्त्रांना घरी ठेवण्यापुरती परवान्यातून मोकळीक दिली, मात्र वापरायला किंवा हलवायला परवाना लागतोच. आणि माळ्यावरचे हत्यार क्युरिओ आहे की नाही, हे घरमालकाने स्वतः ठरवायचे नसते.

.३०३ ची अडचण आणखी मोठी. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत लष्करी .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे काडतूस चालणारी रायफल आणि .४१० मस्केट हे दोन्ही वेगळ्या, निर्बंधित वर्गात आहेत. पोलीस भाषेत ‘प्रोहिबिटेड बोअर’. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरवले. वारसा म्हणून आलेली बंदूकही याच दोनात मोजली जाते.

गोंदियाच्या पूर्वेकडच्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत आणखी एक बाब जोडली जाते. नक्षलविरोधी मोहिमांच्या सुरुवातीच्या काळात पोलिसांकडे .३०३ होत्या आणि नक्षलवाद्यांनी लुटलेल्या शस्त्रांतही त्याच होत्या. त्यामुळे या पट्ट्यात बेवारस .३०३ सापडली की पोलीस आधी तिचा क्रमांक लुटलेल्या शस्त्रांच्या यादीशी ताडून पाहणार. तीन पिढ्यांपूर्वीचा परवाना दाखवता आला तर प्रश्न तिथेच मिटतो. नाही आला तर ‘आजोबांची’ या एका शब्दावर चौकशी थांबत नाही.

परवान्याचा जुना कागद कुठे शोधायचा?

१९९९ पूर्वीचा परवाना भंडाऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने दिलेला असणार, म्हणून शोध गोंदियात सुरू झाला तरी अनेकदा भंडाऱ्यात संपतो. १९५६ पूर्वीचा असेल तर तो मध्य प्रदेश राज्याच्या काळातला, त्यावर त्या शासनाची मुद्रा असते. कागद सापडला तरी तो मृत व्यक्तीच्या नावाचा आहे आणि परवाना मालमत्तेसारखा वारसाहक्काने आपोआप मिळत नाही. वारसाने स्वतंत्र अर्ज करावा लागतो. २०१६ च्या नियमांत परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याने वयाची सत्तर वर्षे ओलांडल्यावर वा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर कायदेशीर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक क्रमांक लागतो, तो नसलेले जुने पुस्तक ग्राह्य धरले जात नाही.

बंदूक सापडलीच तर?

पहिली गोष्ट, तिला हलवू नये, बोल्ट ओढून पाहू नये. पन्नास वर्षांपूर्वीचे काडतूस नळीत अडकलेले असू शकते आणि ते निकामी झालेले असेलच असे नाही. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरावा. लोहाराकडून नळीत वेल्डिंग करून ‘शोभेची’ करून घेण्याचा उपायही चालत नाही, कारण दुरुस्ती आणि फेरफार दोन्हींना परवाना लागतो आणि नळी आखूड करण्यासाठी तर कलम ६ वेगळे आहे.

नजीकच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचांसमक्ष ती ताब्यात देणे हा सरळ मार्ग. शस्त्र बाळगणे कोणत्याही कारणाने बेकायदा ठरले, उदाहरणार्थ परवानाधारक वारला, तर ते विलंब न लावता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे असे कलम २१ सांगते. असे जमा केलेले शस्त्र ठरावीक मुदतीत कायदेशीर परवानाधारकाला विकण्याचा किंवा स्वतः परवाना काढून परत घेण्याचा हक्क वारसाला असतो. मुदत उलटली तर ते सरकारजमा होते. हत्यार चालते की नाही यावर वाद झाला तर न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या बॅलिस्टिक तज्ज्ञाचा अहवाल निर्णायक ठरतो, गावातल्या माजी सैनिकाचे मत नव्हे. रायफल खरोखर जुनी, वेगळ्या नमुन्याची आणि कागदपत्रांसह असेल तर संग्रहालयाला देण्याचा पर्याय उरतो. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ पासूनच्या ‘अजब बंगल्या’त, शस्त्रांचे दालन आहे.

जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर केवळ ‘एक जुनी बंदूक’ असे लिहून घेऊ नये. नमुना, कारखाना, वर्ष, सांगाड्यावरचा आणि बोल्टवरचा क्रमांक, जोडीला संगीन किंवा पट्टा असल्यास तोही, असे सगळे पंचनाम्यात यायला हवे. पुढे परवाना मिळाला किंवा संग्रहालयाने मागणी केली तर मालखान्यातल्या डझनभर बंदुकांतून आपली कोणती, हे त्या दोन क्रमांकांवरूनच कळते.